चौदा थाऊंची फट : जुन्या लष्करी जीपच्या झडपांच्या तपासणीविषयी प्रस्तावना

विलीज एमबी ही दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी जीप, फोर्ड कंपनीने त्याच आराखड्यावर बांधलेली जीपीडब्ल्यू आणि युद्धानंतर याच वंशातून निघालेल्या लष्करी व मुलकी जीपगाड्या ज्यांनी जतन करून चालत्या ठेवल्या आहेत, त्यांना देखभालीचे जे प्रश्न वारंवार पडतात त्यांत इंजिनाच्या झडपांचा प्रश्न सर्वांत अधिक गैरसमजांनी वेढलेला आहे. कार्ब्युरेटरमधून पेट्रोल गळू लागले तर ते दिसते, प्लगला ठिणगी आली नाही तर गाडी सुरूच होत नाही, क्लच घसरू लागला तर चढावर कळते. झडपांचे दुखणे मात्र बराच काळ काहीच न सांगता वाढत जाते आणि जे काही सांगते ते बहुधा उलट्या अर्थाने घेतले जाते. बॉनेटखालून टकटक ऐकू आली की ‘टॅपेट वाजतात’ असे निदान करून ते घट्ट करून घेण्याची पद्धत गॅरेजांतून सर्रास आढळते आणि आवाज थांबला की काम फत्ते झाले असे मालक व मिस्त्री दोघेही मानतात. प्रस्तुत विवेचनाची भूमिका याच्या विरुद्ध आहे. या इंजिनात थोडाफार आवाज करणारी झडप बहुतेक वेळा सुरक्षित असते, पूर्ण गप्प झालेली झडप संशयास्पद असते. म्हणून पाना हाती घेण्याआधी आठही झडपांची फट जशी आहे तशी मोजून लिहून ठेवणे हे या कामाचे मुख्य अंग आहे आणि स्क्रू फिरवून ती बरोबर करणे हा त्यानंतरचा, तुलनेने सोपा भाग आहे.

झडप, म्हणजे बोलीत व्हॉल्व्ह, ही छत्रीच्या आकाराची पोलादी दांडी असून तिचे रुंद डोके सिलिंडरच्या ज्वलनकक्षाचे एक तोंड बंद करते. डोक्याची तिरकी घासलेली कड ज्या तितक्याच तिरक्या कड्यावर बसते त्या कड्याला सीट म्हणतात, दांडी ज्या नळीतून वरखाली सरकते ती गाईड होय, आणि झडप सीटवर दाबून धरण्याचे काम दांडीभोवतीची स्प्रिंग करते. झडप उघडण्याचे काम कॅमशाफ्टकडे असते. या दंडावर उंचवटे असलेल्या चकत्या म्हणजे कॅम असतात आणि प्रत्येक कॅमवर एक छोटा दट्ट्या उभा असतो, त्याला टॅपेट म्हणतात. कॅमचा उंचवटा टॅपेटखाली आला की टॅपेट वर जातो व झडपेला ढकलतो, उंचवटा सरकला की स्प्रिंग झडपेला परत बसवते. चार धावांच्या इंजिनात प्रत्येक झडप क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत एकदाच उघडते, त्यामुळे कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो; जीपचे इंजिन मिनिटाला ४००० फेऱ्यांच्या कमाल वेगाने चालले तर एकेक झडप मिनिटाला २००० वेळा, म्हणजे सेकंदाला तेहेतीसच्या आसपास, उघडते आणि मिटते. धातूवर धातू आदळण्याच्या या गतीचा विचार केला तर इतकी वर्षे ही यंत्रणा टिकून राहते याचेच नवल वाटावे.

एमबीचे इंजिन ‘गो-डेव्हिल’ या नावाने ओळखले जाते. ओहायो राज्यातील टोलेडो येथील विलीज-ओव्हरलँड कंपनीत मुख्य अभियंता म्हणून १९३८ मध्ये आलेल्या डेल्मर रूस यांनी कंपनीच्या जुन्या ४८ अश्वशक्तीच्या चार सिलिंडर इंजिनावर चिकाटीने काम करून त्याची शक्ती ६० अश्वशक्तीपर्यंत नेली, आणि अमेरिकी लष्कराने हलक्या टेहळणी गाडीसाठी स्पर्धा लावली तेव्हा विलीजची गाडी पुढे राहण्याचे एक मोठे कारण हे इंजिनच होते. सिलिंडरचा व्यास ३ १/८ इंच आणि पिस्टनची धाव ४ ३/८ इंच, म्हणजे व्यासापेक्षा धाव बरीच लांब, एकूण घनफळ सुमारे २.२ लिटर आणि संपीडनाचे प्रमाण ६.४८ ला १ इतके मवाळ, असा त्याचा नकाशा आहे. युद्ध संपेपर्यंत विलीज आणि फोर्ड यांनी मिळून अशा सुमारे ६,४०,००० जीपगाड्या बांधल्या. इंजिनाची एकच रचना इतक्या मोठ्या संख्येने, इतक्या वेगवेगळ्या हवामानांत आणि इतक्या कमी अनुभवी हातांखाली क्वचितच चालली असेल.

या इंजिनाची रचना पार्श्वझडपी आहे. आजच्या गाड्यांत झडपा सिलिंडरच्या डोक्यावर, म्हणजे हेडमध्ये, उलट्या टांगलेल्या असतात. गो-डेव्हिलमध्ये त्या सिलिंडरांच्या बाजूला, ब्लॉकमध्येच, डोके वर करून उभ्या असतात आणि त्यांच्या बरोबर खाली टॅपेट व कॅमशाफ्ट असतो. मधे ढकलदांडी नाही, रॉकर नाही. कॅम, टॅपेट आणि झडप अशी तीन दुव्यांची सरळ साखळी आहे. त्यामुळे हेड हे झाकणासारखे एक ओतीव बिडाचे फळकुट राहते, ते उचलले की आठही झडपांची डोकी समोर दिसतात आणि त्यांच्या रंगावरून, काजळीवरून व कडेवरील खड्ड्यांवरून पुष्कळ काही वाचता येते. बाजू अर्थातच दुसरीही आहे. जळून निघालेला तप्त वायू ब्लॉकच्या पोटातूनच वाट काढत मॅनिफोल्डकडे जातो, त्यामुळे झडपांभोवतीचा ब्लॉक सगळीकडे सारखा तापत नाही, आणि पाण्याच्या वाटांत गाळ व गंज साचला की सीटची गोलाई बिघडण्याची शक्यता वाढते. जुन्या जीपमध्ये रेडिएटर व ब्लॉकमधील पाण्याच्या वाटा स्वच्छ ठेवणे हे म्हणूनच झडपांच्याही देखभालीत मोडते, जरी ते कुणी तसे मोजत नाही.

झडपांची ओळ इंजिनाच्या डाव्या बाजूला, मॅनिफोल्डच्या खाली असलेल्या पत्र्याच्या आवरणाआड असते. पुढून मागे जाताना त्यांचा क्रम उत्सर्ग, अंतर्ग्रहण, अंतर्ग्रहण, उत्सर्ग आणि पुन्हा उत्सर्ग, अंतर्ग्रहण, अंतर्ग्रहण, उत्सर्ग असा आहे. अंतर्ग्रहण झडपेतून हवा-पेट्रोलचे मिश्रण आत येते, उत्सर्ग झडपेतून जळका वायू बाहेर जातो. गॅरेजात पहिलीला इनटेक किंवा इनलेट आणि दुसरीला एक्झॉस्ट म्हणतात, आणि पुढील विवेचनातही हेच सुटसुटीत शब्द वापरले आहेत. हा क्रम पाठ असणे आवश्यक आहे, कारण आवरण काढल्यावर खालून केवळ आठ सारख्या दांड्या आणि आठ सारख्या स्प्रिंगा दिसतात.

आता मूळ विषय असलेल्या फटीकडे वळता येईल. झडप पूर्ण मिटलेली असताना तिच्या दांडीचे खालचे टोक आणि टॅपेटवरील स्क्रूचे डोके यांच्यात मुद्दाम थोडे अंतर ठेवलेले असते. एमबीसाठी हे अंतर इंजिन थंड असताना, इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही झडपांना, ०.०१४ इंच ठरवलेले आहे. इंचाच्या हजाराव्या भागाला कारखान्यांतून आणि गॅरेजांतून थाऊ म्हणतात. तेव्हा ही चौदा थाऊंची फट, मेट्रिक मापात सुमारे ०.३६ मिलिमीटर. रुळांच्या सांध्यात उन्हाळ्यासाठी जागा सोडावी त्याच न्यायाने ती सोडलेली आहे, पण इथला उन्हाळा फार कडक आहे. भर ओझ्याखाली चालणाऱ्या इंजिनात एक्झॉस्ट झडपेचे डोके लालबुंद होण्याइतके तापू शकते. १०० मिलिमीटर लांबीची साधी पोलादी दांडी ५०० अंश सेल्सिअसने तापवली तर ती अर्ध्या मिलिमीटरहून अधिक वाढते, म्हणजे या फटीपेक्षाही जास्त. प्रत्यक्षात झडपेची दांडी डोक्याइतकी तापत नाही आणि तिच्यासोबत ब्लॉकही थोडा वाढतो, म्हणूनच चौदा थाऊ पुरतात. परंतु ते फार सढळ हाताने पुरतात असे नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

फट कमी झाली किंवा संपली तर काय होते, हे समजण्यासाठी झडप थंड कशी होते ते पाहावे लागते. एक्झॉस्ट झडपेतील उष्णता मुख्यतः सीटमधून ब्लॉकमध्ये आणि तिथून पाण्यात जाते, उरलेली दांडी व गाईड यांच्या वाटेने. हा निचरा झडप सीटवर टेकलेली असतानाच होतो आणि पूर्ण वेगात तिला दर चक्रात टेकून राहण्यासाठी सेकंदाचा सुमारे पन्नासावा भाग मिळतो. फट नाहीशी झाली की तापून लांबलेली झडप टॅपेटवर टेकून राहते, तिची कड सीटपासून केसभर अधांतरी राहते, थंड होण्याची वाट बंद पडते आणि त्याच वेळी त्या केसभर जागेतून ज्वलनाचा वायू प्रचंड दाबाने बाहेर फुटतो. गॅस कटरने पत्रा कापावा तशी कड एका जागी कापली जाते. यालाच झडप जळणे म्हणतात, आणि एकदा जळलेल्या झडपेला फट कितीही अचूक लावली तरी ती बरी होत नाही. या सगळ्या प्रकारात टकटक आवाज कुठेच नसतो. फट नाही तर वाजणार काय? चालकाला कळते ते एवढेच की गाडी थंड असताना ठीक चालते, तापल्यावर एका सिलिंडरवर मिस मारते आणि घाटात ओढ राहत नाही.

फट जास्त झाली तर दोष वेगळे असतात आणि सौम्य असतात. झडप थोडी उशिरा उघडते, थोडी लवकर मिटते, वाढलेल्या फटीइतकी कमी उचलली जाते आणि मिटताना अधिक जोराने आदळते. कॅमच्या उंचवट्याच्या दोन्ही पायथ्यांशी टॅपेटला हळुवार उचलण्यासाठी व हळुवार खाली ठेवण्यासाठी मंद उतार घासलेला असतो. फट फार वाढली की टॅपेट हा उतार टाळून थेट चढावर आदळतो आणि तो आवाज बाहेर ऐकू येतो. शक्ती किंचित घटते, दांडीचे टोक व स्क्रूचे डोके ठोके खाऊन झिजते, पण झडप जळत नाही. दोन थाऊ जास्त आणि दोन थाऊ कमी यांतून निवड करायची वेळ आली, तर या इंजिनात नेहमी जास्तीकडे झुकावे, हे मत या विवेचनात अनेक ठिकाणी वेगवेगळ्या संदर्भांत पुन्हा येईल.

मोजून लिहिण्याचा आग्रह याच कारणाने धरलेला आहे. फट बदलते ती दोन विरुद्ध दिशांनी, आणि दिशा हेच निदान असते. कॅम, टॅपेटचा तळ, स्क्रूचे डोके किंवा दांडीचे टोक झिजले तर फट वाढते; सीट झिजली किंवा झडपेची कड आत बसली तर झडप खाली उतरते, दांडीचे टोक टॅपेटच्या जवळ येते आणि फट घटते. समजा मागच्या तपासणीत आठही झडपा चौदावर लावल्या होत्या आणि पुढच्या वेळी सात झडपा चौदा-पंधरा दाखवत आहेत पण तिसऱ्या सिलिंडरची एक्झॉस्ट झडप नऊवर आली आहे, तर इतर कोणत्याही लक्षणाआधी ती झडप किंवा तिची सीट हरत चालल्याचे कळून चुकते. जो मिस्त्री न मोजता सरळ स्क्रू फिरवून सर्वांना चौदावर आणतो, तो गाडी दुरुस्त करतो खरा, पण मालकाला मिळालेली ही पूर्वसूचना पुसून टाकतो.

सीटच्या झिजेचा विषय निघाला की शिशाचा उल्लेख टाळता येत नाही. थॉमस मिज्ली यांनी १९२१ मध्ये पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग मिसळले तर इंजिनातील ठोके थांबतात हे दाखवून दिले, आणि नंतरची कित्येक दशके जगभरचे पेट्रोल शिसेयुक्त राहिले. या शिशाचा एक अनपेक्षित लाभ असा होता की ज्वलनानंतर त्याच्या क्षारांचा पातळ थर एक्झॉस्ट सीटवर बसे आणि तप्त झडप सीटच्या धातूला चिकटून त्याचे कण ओढून काढण्याचे प्रमाण कमी होई. आरोग्याच्या दृष्टीने शिसे अत्यंत घातक असल्याने ते गेले ते योग्यच झाले; भारतात १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोलच विकले जाते. त्या थराची जागा कठीण धातूच्या वेगळ्या बसवलेल्या सीटने भरून काढता येते, आणि मवाळ संपीडनाची, मध्यम वेगाने चालवलेली जीप याबाबतीत फारशी नाजूक नाही. तरीही महामार्गावर तासन्‌तास भर वेगात पळवलेल्या गाडीची एक्झॉस्ट फट दुप्पट वारंवारतेने तपासावी, कारण शिसेविरहित पेट्रोलवर झडप आत बसण्याचा वेग ओझ्यावर आणि फेऱ्यांवर अवलंबून असतो.

फट हाताने लावण्याजोगी ठेवायची की नाही, हा त्या काळी सर्वांनी एकाच तऱ्हेने सोडवलेला प्रश्न नव्हता. फोर्डच्या पार्श्वझडपी व्ही-आठ इंजिनात, जे लष्करी ट्रक आणि युनिव्हर्सल कॅरियर या छोट्या चिलखती गाडीतही वापरले गेले, टॅपेटला स्क्रूच नव्हता. फट कमी पडली तर झडप बाहेर काढून तिच्या दांडीचे टोक घासावे लागे. हे काम कार्यशाळेचे आहे, रस्त्याकडेचे नव्हे. शेवरोलेच्या सहा सिलिंडरी ट्रक इंजिनात झडपा हेडमध्ये होत्या आणि रॉकरवरील स्क्रूने फट लावता येई. कॅडिलॅकने १९३० मध्ये आपल्या सोळा सिलिंडरी इंजिनात तेलाच्या दाबाने फट आपोआप शून्य ठेवणारे टॅपेट आणले होते, आणि युद्धात एम५ या हलक्या रणगाड्यातील जोड कॅडिलॅक इंजिनांत तशीच सोय होती. जीपसाठी मात्र स्क्रूचा साधा टॅपेट राहिला. स्वच्छ तेलाची खात्री नसलेल्या, महिनोन्‌महिने धुळीत चालणाऱ्या गाडीला दोन पान्यांच्या आणि एका पट्टीच्या जोरावर सुधारता येईल असा भाग अधिक भरवशाचा, हा त्यामागचा हिशेब असावा असे मानायला जागा आहे, आणि तो योग्य होता.

अमेरिकी युद्धखात्याने १९४४ मध्ये या जीपसाठी टीएम ९-८०३ ही वापर व देखभालीची पुस्तिका आणि टीएम ९-१८०३ए ही इंजिन व क्लचच्या दुरुस्तीची पुस्तिका काढली. या पुस्तिकांची भाषा कोरडी आहे, पण त्यांमागील विचार त्या काळाच्या मानाने बराच पुढचा होता : काम बिघडण्याची वाट न पाहता ठरलेल्या अंतराने तपासणी करायची, आणि कोणत्या पातळीवरच्या माणसाने कुठवर हात घालायचा हे आधीच ठरवून द्यायचे. चालकाने तेल, पाणी, टायर आणि सैल बोल्ट पाहावेत, टॅपेटसारखी कामे पथकाच्या मेकॅनिककडे असावीत, आणि ब्लॉक उघडण्याचे काम कार्यशाळेने करावे, अशी ही उतरंड होती. शेतातून किंवा दुकानातून भरती झालेल्या तरुणांच्या गळी हा विचार उतरवण्यासाठी लष्कराने ‘आर्मी मोटर्स’ नावाचे मासिकही चालवले आणि त्यात पुढे चित्रकथेच्या इतिहासात मोठे नाव झालेले विल आयस्नर यांची चित्रे असत. १९५१ पासून निघालेल्या ‘पीएस’ या मासिकाने तेच काम पुढे चालवले. देखभालीला विनोदी चित्रांतून प्रतिष्ठा देण्याचा हा प्रयोग आजही अनुकरणीय आहे.

प्रत्यक्ष मोजणीची कृती पुढे सविस्तर येईल; इथे तिची तत्त्वे तेवढी सांगितली आहेत. इंजिन रात्रभर उभे राहून पुरते गार झालेले असावे, कारण कोमट इंजिनावर घेतलेले माप ना थंडीचे ना उष्णतेचे असते. चारही प्लग काढून ठेवले की समोरच्या हँडलने क्रँक सहज फिरतो. झडपेची फट मोजायची ती तिचा टॅपेट कॅमच्या गोल पाठीवर, उंचवट्यापासून शक्य तितका दूर असतानाच. यासाठी दोन मार्ग आहेत. पहिल्यात १-३-४-२ या ज्वलनक्रमाने जायचे : पहिल्या सिलिंडरचा पिस्टन संपीडनाच्या शेवटी माथ्यावर आणून त्याच्या दोन्ही झडपा मोजायच्या, मग अर्धी फेरी देऊन तिसऱ्याच्या, पुन्हा अर्धी फेरी देऊन चौथ्याच्या आणि शेवटी दुसऱ्याच्या. पिस्टन प्रत्येक चक्रात दोनदा माथ्यावर येतो, त्यातला संपीडनाचा माथा कोणता हे डिस्ट्रिब्युटरचे टोपण काढून आतील रोटर कोणत्या वायरीकडे तोंड करून आहे त्यावरून ओळखावे. दुसरा मार्ग नऊच्या बेरजेचा. झडपांना पुढून मागे एक ते आठ क्रमांक द्यावेत. जी झडप पूर्ण उघडी दिसेल तिचा क्रमांक नवातून वजा करावा आणि जी संख्या येईल ती झडप मोजावी. पहिली पूर्ण उघडी असेल तर आठवी, दुसरी उघडी असेल तर सातवी, तिसरीला सहावी, चौथीला पाचवी. पहिला व चौथा सिलिंडर, तसेच दुसरा व तिसरा, एकमेकांपासून क्रँकच्या एका पूर्ण फेरीच्या अंतरावर असल्याने हा हिशेब जुळतो, आणि त्यात खुणा शोधण्याची गरज पडत नसल्यामुळे चूक होण्याची शक्यता कमी असते.

माप घेण्याचे साधन म्हणजे फिलर गेज, ठरावीक जाडीच्या पोलादी पट्ट्यांचा पंखा. चौदाची पट्टी किंचित अडत, ओढ देत सरकावी एवढे सांगून काम भागत नाही, कारण प्रत्येक हाताची ‘किंचित’ वेगळी असते. तेरा सहज जावी आणि पंधरा जाऊ नये, ही कसोटी अधिक निःसंदिग्ध आहे. एका पातळ पान्याने टॅपेटचे अंग धरायचे आणि दुसऱ्याने स्क्रू फिरवायचा. पाने जाड असतील तर मॅनिफोल्डखालच्या अडचणीत ते बसतच नाहीत, म्हणून टॅपेटचे खास पातळ पाने आधी मिळवावेत. स्क्रू फिरवून झाल्यावर फट पुन्हा मोजावी, आणि सर्व झडपा झाल्यावर क्रँकला दोन पूर्ण फेऱ्या देऊन आणखी एकदा. जुन्या स्क्रूच्या डोक्यावर दांडीने ठोकून ठोकून वाटीसारखा खळगा पडलेला असतो आणि सपाट पट्टी त्या खळग्यावरून पुलासारखी आडवी जाते, त्यामुळे पट्टी चौदा दाखवते तेव्हा खरी फट अठरा-वीस असू शकते. असा स्क्रू दिसला की तो बदलावा. त्याच्याशी गणित करत बसण्यात अर्थ नाही. आवरण परत लावताना त्याची गॅस्केट नवी घ्यावी, आणि क्रँककेसमधील वाफा ओढून घेणारी जी नळी या आवरणाशी जोडलेली असते ती तुंबलेली नाही ना हेही त्याच वेळी पाहावे.

फट लावून जे सुधारत नाही त्याची कल्पना आधीच असलेली बरी. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या जीपमध्ये कोणती ना कोणती झडप उघडीच राहिलेली असते, तिच्या सीटवर दमटपणाने गंज चढतो. जुन्या पेट्रोलचा डिंकासारखा थर दांडीवर साचून झडप गाईडमध्ये अडकते आणि स्प्रिंगला न जुमानता वरच राहते. अशी झडप फिलर गेजला भली मोठी फट दाखवते आणि नवखा माणूस ती फट स्क्रूने भरून काढू पाहतो, जे सर्वांत घातक आहे, कारण झडप सुटून जागेवर आली की फट उरतच नाही. म्हणून टॅपेटला हात लावण्याआधी संपीडनाचा दाब मोजावा. चारही सिलिंडरांचे आकडे जवळपास सारखे असणे हे त्या आकड्यांच्या उंचीपेक्षा महत्त्वाचे. एखादा फार खाली असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा वर आला तर दोष पिस्टन रिंगांत, तसाच राहिला तर झडपेत किंवा हेडच्या गॅस्केटमध्ये. झडप काढून खरवडपेस्टने सीटवर घासून बसवण्याची वेळ आलीच, तर झडपांच्या खोलीतून क्रँककेसमध्ये तेल उतरण्यासाठी ठेवलेली भोके चिंध्यांनी आधी बुजवावीत. स्प्रिंग अडकवून ठेवणाऱ्या दोन छोट्या पाकळ्या या भोकांतून खाली पडतात आणि त्यांच्यापायी तेलाचा संप उतरवावा लागतो, हा अनुभव जीप बाळगणाऱ्यांत इतका सार्वत्रिक आहे की त्यावर वेगळे भाष्य नको.

या विषयाचा महाराष्ट्राशी संबंध केवळ हौशी संग्राहकांपुरता नाही. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९४८ पासून महिंद्र अँड महिंद्र या नावाने चालणाऱ्या कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, आणि पुढे सीजे-३बी ही जीप इथे दीर्घकाळ बनत राहून लष्कर, पोलीस, वनखाते, पाटबंधारे खाते आणि साखर कारखाने यांच्या वापरात रुळली. १९६५ च्या सप्टेंबरात पंजाबातील असल उत्तर येथे जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस तोफेने शत्रूचे रणगाडे टिपताना वीरगती मिळालेले आणि मरणोत्तर परमवीर चक्राचे मानकरी ठरलेले अब्दुल हमीद यांच्यामुळे ही छोटी गाडी भारतीय लष्कराच्या स्मृतीत कायमची नोंदली गेली. लष्करी वाहनांची दुरुस्ती सांभाळणारे इलेक्ट्रिकल अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स हे दल १९४३ मध्ये उभे राहिले, पुण्याजवळ खडकी येथे त्याची मोठी कार्यशाळा आहे, आणि लष्करी वाहनांचे संशोधन करणारी संस्था अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, येथे आहे. या व्यवस्थेत तयार होऊन निवृत्त झालेल्या कारागिरांकडे जे ज्ञान आहे ते मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही, ही उणीव खरी आहे.

सीजे-३बीचा उल्लेख येथे आणखी एका कारणासाठी केला आहे. या गाडीचे बॉनेट एमबीपेक्षा ठळकपणे उंच आहे, कारण त्याखाली गो-डेव्हिलऐवजी ‘हरिकेन’ हे इंजिन बसवायचे होते. व्यास व धाव तीच ठेवून रूस यांनी त्यात एक्झॉस्ट झडपा ब्लॉकमध्ये जिथल्या तिथे राहू दिल्या आणि इनटेक झडपा हेडमध्ये नेऊन ढकलदांडी व रॉकरने चालवल्या; त्यामुळे इनटेक झडप मोठी करता आली आणि शक्ती ७० अश्वशक्तीच्या पुढे गेली. एम३८ए१ या लष्करी जीपमध्येही हेच इंजिन होते. दोन ठिकाणी दोन तऱ्हेच्या झडपा असल्याने या इंजिनाची मापेही दोन आहेत : थंड इंजिनावर इनटेक अठरा थाऊ, एक्झॉस्ट सोळा थाऊ. ब्लॉकच्या वाढीबरोबर हेडमधल्या झडपेची फट वेगळ्या रीतीने बदलते, म्हणून हा फरक मनमानीचा नाही. गो-डेव्हिल इंजिनच असलेल्या सीजे-२ए या मुलकी जीपसाठीही युद्धानंतर सोळा थाऊ सांगितले गेले, यावरून उत्पादकांचा कलही थोड्या मोकळ्या फटीकडेच वळला होता असे दिसते.

भारतात गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत जीपगाड्यांची इंजिने इतक्या वेळा बदलली गेली आहेत की बॉडीवरून किंवा कागदपत्रांवरून आतील इंजिन ओळखता येईलच असे नाही. एमबीच्या सांगाड्यात हरिकेन आणि सीजे-३बीच्या उंच बॉनेटखाली डिझेल इंजिन सर्रास आढळते. तेव्हा वाचकांनी पुढील प्रकरणे वापरण्याआधी बॉनेट उघडून एवढे पाहावे : हेडवर रॉकरचे आवरण असेल तर ते गो-डेव्हिल नव्हे, आणि त्याला सर्वत्र चौदा थाऊंचे माप लावू नये. डिझेल इंजिनांचा विचार या विवेचनात केलेला नाही.